ज्याचा माल, तो समोर

माझ्या दुकानातून गेलेला पहिला ब्रेक लायनर गॅरेजवाल्या मिस्त्रींनी घेण्याआधी हुंगला, अंगठ्याच्या नखानं ओरखडला आणि शेवटी जिभेला लावून पाहिला. मी चोवीस वर्षांचा होतो. खामगावहून येऊन बुलढाण्यात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान टाकून जेमतेम महिना झाला होता आणि बोलण्याला जरा जास्तच धार होती. म्हटलं, "मिस्त्री, मीठ बरोबर आहे ना?"

"मीठ मांघून पाहू," ते म्हणाले. "आधी भाजून पाह्यतो."

मला वाटलं, म्हातारा टोमण्याला टोमणा देतोय. पण म्हातारा खरंच भाजणार होता. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर होतं. तिथल्या चुलीवर त्यांनी भाकरीचा तवा चढवला, लायनरचा तुकडा त्यावर टाकला आणि पोळी उलटावी तसा तो चिमट्यानं उलटापालटा करत बसले. दारात त्यांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाहा बाप्पा," ती मला म्हणाली, "दुनियेत बायका तव्यावर भाकर टाकतात. माह्या घरी मोटार भाजते."

ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या आत एक लोखंडी ड्रम फिरत असतो. ब्रेक दाबला की आतले दोन बूट फाकतात आणि ड्रमला घासतात. लायनर म्हणजे त्या बुटांचे तळवे, रिबिटांनी, म्हणजे बोथट तांब्याच्या खिळ्यांनी, ठोकलेले. घाटात ब्रेक सतत दाबावा लागतो, मग ते तळवे तापतात. चांगला लायनर तापला तरी आपलं काम करतो. वाईट लायनर पाझरतो, गुळगुळीत होतो आणि नेमक्या वेळी दगा देतो. बुलढाणा घाटाच्या माथ्यावर आणि मलकापूरचं रेल्वे स्टेशन खाली, म्हणजे आमच्या गावातून निघालेली कापसाची, भाजीची, लग्नाची प्रत्येक गाडी राजूरचा घाट उतरल्याशिवाय कुठं पोहोचत नसे. "इंजन गावाले नेते, ब्रेक घरी आनते," असं मिस्त्री म्हणत. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. गाड्या वाढत होत्या आणि त्यांच्याबरोबर त्या चालवणाऱ्यांची घाईही.

मिस्त्री अंगानं काडी होते. धोतर, वर खाकी सदरा, आणि उजव्या अंगठ्याचं नख बोटभर वाढवलेलं. हे नख म्हणजे त्यांचं हत्यार. लायनरवर ओढलं की कशी रेघ उठते, पूड पडते की खपली निघते, यावरून ते मालाची जात सांगत. ड्रम निवडताना तो दोरीला टांगून पान्यानं हलकेच वाजवायचे आणि कान लावून ऐकायचे. स्वच्छ नाद निघाला तर "बोलते" म्हणून बाजूला ठेवायचे. बद्द वाजला तर "मुका हाय, कुठीतरी तडकला असन" म्हणून परत करायचे. मग मी तो ड्रम भिंगाखाली धरून अर्धा तास तडा शोधायचो आणि तो सापडायचा. याचा मला फार राग येई.

एकाच चाकाचे लायनर बदलून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते गाडीसकट परत पाठवत. "एका अंगाले म्हतारा बैल अन् एका अंगाले खोंड जुपला तं गाडी कुठी जाईन? नालीत." एकदा एका जिनिंगवाल्याच्या ड्रायव्हरनं कुठंतरी ऐकलं की ब्रेकचं तेल एरंडेलापासून करतात. तेल ते तेल, असं म्हणून त्यानं घरचं सरकीचं तेल ब्रेकमध्ये ओतलं. आतली रबरं फुगून भजी झाली आणि चारही चाकं भर बाजारात जाम. मिस्त्रींनी ती फुगलेली रबरं एका ताटलीत मांडून त्या ड्रायव्हरसमोर ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "खाय. तळून आनले."

पण त्यांची खरी ख्याती होती ती दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे, ज्या गाडीचे ब्रेक स्वतः पाहिले नाहीत त्या गाडीत बसून ते घाट उतरत नसत. मलकापूरला जायचं झालं तर माथ्यावर गाडी थांबवायचे, ड्रायव्हरला विचारायचे, "लायनर कधी बदलले?" उत्तर पटलं नाही की खाली उतरायचे आणि पायवाटेनं चालत निघायचे. उत्तर कधीच पटत नसे. खाली राजूरजवळ एक चिंच होती. या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर तिथं गाडी उभी करून बिडी ओढत मिस्त्रींची वाट पाहत. कुणी कुरकुरलं तर मिस्त्री घाम पुसत म्हणायचे, "मी काय म्हनलो थांबा?" तरी सगळे थांबत, कारण उद्या त्यांनाही याच म्हाताऱ्याच्या दारात गाडी लावायची असे.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याशी संबंधित होती. नवे लायनर बसवले की पहिल्यांदा घाट उतरताना ज्यानं माल विकला त्या दुकानदारानं गाडीत पुढं, ड्रायव्हरशेजारी बसायचं. "ज्याचा माल, तो समोर," हा त्यांचा कायदा. या कायद्यापायी जुन्या दुकानदारांनी त्यांना माल देणं सोडलं होतं. दुकान बंद करून कोण घाट उतरायला जाणार आणि चालत वर येणार? मी नवा होतो, मला गिऱ्हाईक हवं होतं. म्हटलं, बसतो. पहिल्या वर्षात मी तो घाट किती वेळा उतरलो याची गणती नाही. मिस्त्री माझ्या मागे, गाडीच्या हौद्यात उभे. रस्त्याकडे त्यांचं लक्ष नसे, ते मी कसा बसलोय ते बघत. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

देऊळघाटचे एक बागायतदार होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. वांगी, मिरची, कोबी मलकापूरच्या रेल्वेगाडीवर घालायला त्यांनी जुना ट्रक घेतला होता. त्यांच्या पुतण्याचं लग्न खाली मोताळ्याला ठरलं आणि वऱ्हाड याच ट्रकमधून जाणार होतं, बायका-पोरांसकट. आदल्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी ट्रकची चाकं उघडली तर जुने लायनर झिजून पार रिबिटांना टेकलेले. ते लगोलग माझ्याकडे आले.

माझ्याकडचा नेहमीचा माल संपला होता. होते ते एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेले बारा जोड. खोकं ओळखीचं होतं, पण त्यावरची छपाई जरा फिसकटलेली, आणि भाव असा की घेताना माझ्याच मनात पाल चुकचुकली होती. ते वाईट आहेत हे मला ठाऊक नव्हतं. चांगले आहेत हेही ठाऊक नव्हतं, आणि विकायला मला तेवढं पुरलं.

मिस्त्रींनी हुंगलं, नख ओढलं, कपाळाला आठी घातली. मग एकदम म्हणाले, "आज तवा नाई."

झालं होतं असं की काकूंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, वैतागून तो तवा आदल्या दिवशी लेकीच्या घरी चिखलीला नेऊन ठेवला होता. घरात आता कोरा तवा होता आणि त्यावर लायनर टाकला तर आपण माहेरी जाऊ, असं त्यांनी साठीच्या वयात जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड निघायचं होतं. मिस्त्री खोकं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

"शेठ, भरोशाचा हाय न?"

"एक नंबर," मी म्हटलं.

त्यांनी ते लायनर बसवले. न भाजता बसवलेले ते पहिलेच, असं नंतर काकूंनी सांगितलं. चार वाजता ते मला न्यायला आले. ट्रक दुकानासमोर उभा, भाऊसाहेबांचा ड्रायव्हर चाकावर. "चाल शेठ, बस समोर."

मी दुकानाची पायरी उतरलो नाही. माझा हात आपोआप गालावर गेला आणि मी म्हटलं, "आज नको मिस्त्री. दाढ फार ठणकतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग परत माझ्याकडे. "बरं," म्हणाले. "लवंग दाबून ठेव." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "फिरव बे गाडी. गॅरेजले घे."

त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या त्यांच्या अंगणातून छिन्नीचे घाव ऐकू येत होते. एकेक रिबीट तोडून त्यांनी आठही लायनर काढून टाकले. मी गल्ल्यावर बसून प्रत्येक घाव ऐकला आणि दुखत नसलेली दाढ धरून बसलो.

सकाळी वऱ्हाड बैलगाड्यांनी निघालं. गाड्या जमवायला उशीर झाला, सकाळचा मुहूर्त टळला, लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लागलं. आणि दोन दिवसांनी भाऊसाहेब माझ्या दुकानात येऊन बसले. आता काय कानउघाडणी होते म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो.

"शेठ, तुमची माफी मांगाले आलो," ते म्हणाले.

मी वर बघितलं.

"तुमचा माल चांगला व्हता. त्या म्हाताऱ्यानं नास केला त्याचा. म्हने, रिबीट माह्या हातून चुकले, डोकी वर राह्यली, ड्रमले घासून राह्यली. गाडी देता येत नाई. चाळीस वरसं झाली रिबीट ठोकून राह्यले अन् आता चुकले! हात गेला त्याईचा. आता चिखलीले गाडी टाकतो मी."

माझ्या तोंडापर्यंत खरं आलं होतं. मी त्यांना चहा पाजला आणि ते बोललो नाही. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, धंदा म्हटलं की होतात. पण त्या चहाच्या कपाची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

ते गेल्यावर उरलेले आठ जोड पोत्यात घालून मी मिस्त्रींकडे गेलो. दारात त्यांचे धाकटे भाऊ नेहमीप्रमाणे रिबीट निवडत बसले होते. त्यांना एकच पाय होता, कुबडी भिंतीला टेकलेली असे. चिखलीहून तवा परत आला होता. मिस्त्रींनी काही न विचारता चूल पेटवली आणि माझ्यासमोर लायनरचा तुकडा तव्यावर टाकला. थोड्या वेळानं तो फुगला, काळा डिंक पाझरला आणि असा घाण वास सुटला की काकूंनी पदर नाकाला लावला.

"हे लावून चालले व्हते वऱ्हाडाले खाली न्याले?" त्या म्हणाल्या. "लेकरं बसनार व्हती न त्याच्यात!" आणि मिस्त्रींकडे वळून, "मीच तवा नेला. माहीच मती गेली व्हती."

"तुही नाई," मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, "मी भाऊसाहेबांना जाऊन खरं सांगतो."

"सांगू नको. तुहं दुकान नवं हाय. एक डाव नाव गेलं तं उठनार नाई. माहा हात जुना हाय, लोकं म्हनतील म्हतारा झाला. म्हतारा तं झालोच हाय."

मग त्यांनी भावाकडे बोट केलं. "यष्टी नव्हती, खाजगी सर्व्हिस मोटारी व्हत्या तव्हाची गोष्ट. गाडी हा चालवे. लायनर मी लावले. घाटात ब्रेक लागला नाई. हा वाचला, पाय गेला. ज्यानं माल देल्ला तो दवाखान्यात भेटाले आला अन् मले म्हनते, मिस्त्री, मले बी जराशी शंका व्हती." त्यांनी तवा चुलीवरून उतरवला. "तव्हापासून मी कोनाले इचारत नाई, माल कसा हाय. गाडीत बस म्हनतो. खोटं बोलाले तोंड तयार असते, बसाले बूड तयार नसते."

त्यांचे भाऊ रिबीट निवडता निवडता हसले. "मले तं बसाचंच व्हतं," म्हणाले. "मी ड्रायव्हर व्हतो."

त्या आठ जोडांचे आम्ही तिघांनी हातोड्यानं तुकडे केले. नुसते फेकले तर कुणीतरी उचलून लावील, असं मिस्त्रींचं म्हणणं. निघताना त्यांनी विचारलं, "दाढ कशी हाय, शेठ?" मी मान खाली घातली. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या पाचवीला पुजला. माझ्याकडून खिळा नेला तरी आधी विचारायचे, "दाढ?" आणि मी म्हणायचो, "ठणठणीत." मग माल घ्यायचे. ज्या मालाबद्दल तसं म्हणता येणार नाही तो मी दुकानात ठेवणंच सोडून दिलं. या एका शब्दानं माझा धंदा जेवढा सुधारला तेवढा कुठल्या तराजूनं सुधारला नसता.

पण भाऊसाहेबांनी ती गोष्ट गावभर केली होती. खाटेची दोरी ढिली निघाली, चपलेचा अंगठा सुटला, की लोक म्हणत, "मिस्त्रीचे रिबीट दिसतात." हॉटेलात, बाजारात, सगळीकडे. मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांचे भाऊ मात्र हॉटेलात यायचे बंद झाले, कारण त्या रिबिटांतला एकेक त्यांनी निवडलेला असे. तीन वर्षं मी हे ऐकलं. एक दिवस भाऊसाहेबच माझ्या दुकानात बसून कुणाला तरी हा विनोद सांगू लागले, आणि मला तो सहन झाला नाही. त्या माणसासमोरच सगळं सांगितलं. खोकं, तवा, दाढ, सगळं.

भाऊसाहेबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठले. माझ्या दुकानाची पायरी ते पुढं दोन वर्षं चढले नाहीत. पण तिथून ते सरळ गॅरेजवर गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक मिस्त्रींच्या दारात होता. संध्याकाळी मिस्त्री तणतणत आले. "तुले काऊन सांगाचं व्हतं बे? गिऱ्हाईक घालवलं न?" मी म्हटलं, "दाढ काढून टाकली, मिस्त्री. फार दिवस दुखत होती." त्यांनी माझ्या पाठीवर एक धपका मारला. त्या नखानं सदरा फाटला.

पुढे त्यांना छातीचं दुखणं लागलं. जन्मभर लायनर घासून त्याची पूड फुंकली, त्याचंच ते असावं, असं मला आता वाटतं. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं. दोन महिने ते खाटेवर होते. मलकापूरहून रेल्वेनं अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. भाऊसाहेबांनी आपली जीप पाठवली. चाकावर त्यांचा तोच जुना ड्रायव्हर होता. जीपचे लायनर पंधरा दिवसांपूर्वी बदलले होते. बसवले दुसऱ्याच मिस्त्रीनं, माल माझा.

मागे गादी टाकून त्यांना निजवलं, पण ते पडून राहीनात. काकूंच्या खांद्याचा आधार घेऊन बसूनच राहिले. मी न सांगता पुढं बसलो. घाटाच्या माथ्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हरनं जीप थांबवली. आता हे उतरतात की काय, या भीतीनं काकूंनी त्यांचा दंड धरला.

"लायनर कोनाचे?" आवाज पार खोल गेला होता.

"माझे," मी मागे वळून म्हटलं.

"पाह्यले कोनं?"

"तुम्ही नाही पाहिले, मिस्त्री."

त्यांनी माझं तोंड निरखलं. दवाखान्यात जायचं म्हणून काकूंनी त्यांची नखं कापली होती. त्यांचा तो अंगठा मला ओळखू येईना.

"दाढ?"

"ठणठणीत."

त्यांनी मान हलवली आणि काकूंच्या मांडीवर डोकं टेकलं. आम्ही निघालो. पहिल्या वळणावर मी मागे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. काकूंनी घाबरून त्यांच्या नाकासमोर हात धरला, मग मला खुणेनं सांगितलं की काही नाही. "झोपले," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या लग्नापासून गाडीत झोपलेलं पाह्यलं नाई मी याईले."

अकोल्याहून ते परत आले नाहीत. मला आठवतो तो मात्र घाट. ड्रायव्हर एकेक वळण इतकं जपून घेत होता की ब्रेकचा आवाजही होत नव्हता. खाली राजूरला त्या चिंचेखाली त्यानं जीप उभी केली, इंजिन बंद केलं आणि खिशातून बिडी काढली. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. बिडी ओठात धरून तो घाटातल्या पायवाटेकडे बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की आज कुणी चालत यायचं नाही.